सोफ्याची डावी बाजू

५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. वेळेवर जेवते, झोपते, रडणंही बरंच कमी केलंय. पण एक घोळ घालून ठेवलाय.

तो मला सोडून गेल्याचं मी कारखान्यात कुणालाच सांगितलेलं नाही. दर सुट्टीला सगळे कुणाच्या तरी घरी जमतात आणि जोडीनंच ये म्हणून मागे लागतात. मग मी त्याला कधी सर्दी आणते, कधी ताप. परवा घाईत त्याचा पाय मोडला. आता कटिंगवाल्या काकू आणि खिळेदादा रविवारी त्याला बघायला येणार आहेत! खिळेदादा म्हणजे आमच्याकडे सोफ्यांना कापड ठोकणारे. तोंडात कायम खिळे, त्यामुळे बोलणं म्हणजे नुसतं 'हूं'. त्यांनीसुद्धा खिळे काढून चौकशी केली. खरं कळलं तर कुठल्या तोंडानं शिलाई मशीनवर बसू? आणि मोडका पाय आणू कुठून?

उलट टपाली उपाय कळव. भावोजींना नमस्कार.

तुझी,
छोटी


८ जानेवारी

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

आधी पोट धरून हसले, मग रागावले. तो गेला आपल्या वाटेनं आणि तू तिथे त्याची आजारपणं काढतेस? तुझ्या भावोजींनी पाय देऊ केलाय. प्लास्टर घालून दिवसभर सोफ्यावर पडून राहीन म्हणतात. सुट्टीला तसंही तेच करतात.

पण चेष्टा पुरे. खरं काय ते सांगून टाक. लोक कीव करतील, हीच भीती ना? करू देत थोडी. एकटीनं कुढण्यापेक्षा ते बरं. मला तुझी फार काळजी वाटते गं.

फळं आणली तर परत पाठवू नकोस.

ताई


१२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल दोघं आले. दार उघडलं आणि पाठ केलेलं सगळं विसरले. पाय मोडला नाही, तो गेलाय, एवढं बोलून मी दारातच भोकाड पसरलं. काकूंनी सफरचंदांची पिशवी खाली ठेवून मला जवळ घेतलं. पाय मोडला असता तर बरं झालं असतं मेल्याचा, असंही म्हणाल्या.

खिळेदादा पिशवी उचलून आत आले. ते सोफ्यावर बसले आणि रुतलेच. डावीकडे तो रोज बसायचा. तिथला खड्डा मी उशीनं झाकला होता, पण स्वतः कधी तिकडे बसले नाही. काकूंनी खड्डा हातानं दाबून बघितला, आणि ताई, पुढच्या क्षणी माझा सोफा उलटा! आमच्यात काम करतेस आणि घरी हे असं, नाक कापलंस आमचं, म्हणाल्या. खिळेदादा धावत जाऊन हत्यारं, नवा स्पंज आणि कापड घेऊन आले. दुपारभर जुना स्पंज काढला, स्प्रिंगा बांधल्या, नवा स्पंज भरला, मी कापड शिवलं. खायला पेशंटच नव्हता, म्हणून सफरचंदं आम्हीच संपवली. किती दिवसांनी मी एवढी हसले!

शेवटी खिळेदादांनी तोंडातले खिळे हातावर काढले आणि मलाच आधी बसायला सांगितलं. बसले. खड्डा कुठे होता ते मलासुद्धा सापडेना.

पुढच्या रविवारी सगळे माझ्याकडे जमणार आहेत. भावोजींना म्हणावं, पाय राहू दे, तुम्हीच या. तुझ्यासाठी डावीकडची जागा धरून ठेवते.

लोभ आहेच, तो घेऊन ये.

छोटी