अधिकातला मासा

१६ मे १९८८, सोमवार. एदलाबाद. पहाटे.
आजपासून अधिक महिना. रजा मंजूर. अर्जात कारण लिहिलं: मुलीला व जावयाला आणणे. खरं कारण साहेबांना पेललं नसतं.

खरं कारण असं. अखजीच्या सणाला माहेरी आलेल्या इंदूला न्यायला धुळ्याहून जावई आले होते, रुपचंदराव. जेवताना म्हणाले, पांझरेच्या डोहात कमरेइतक्या पाण्यात उभं राहून गळ टाकतो, हातभर मासा निघतो. मी म्हटलं, पांझरा ती काय, आमच्या तापीपुढे गटार. धोंड्याच्या महिन्यात या, स्वतःच्या हाताने धरलेला मासा खाऊ घालतो. ते हसले. "मामा, आगोदर मासा धरा, मंग आमी येतस." पंगत हसली. ही वाढता वाढता हसली. ते लागलं.

पाटबंधाऱ्याच्या नोकरीत तापीची पातळी मोजत आलोय. पाणी मला ओळखतं.

ठरलं. आधी मासा. मग मुऱ्हाळी म्हणून धुळ्याला जायचं आणि दोघांना मानाने आणायचं. ही म्हणाली, मुऱ्हाळी दारात आल्याशिवाय लेक निघत नाही, आधी जाऊन या. शिवाय अधिकात घरात मासा शिजत नाही. म्हटलं, अंगणात शिजवू. बायकांना अडचणी फार सुचतात.

१७ मे.
तयारीचा दिवस. भुसावळच्या रद्दीवाल्याकडून आणलेलं अमेरिकन मासिक वाचलं. समजलं तेवढं. एक गोरा माणूस खाडीत कमरेपर्यंत उभा, डोक्यावर टोपी, हातात ट्राउट. दुसऱ्या पानावर रेडफिश. हे सगळं उन्हाळ्यात. आपला उन्हाळा त्यांच्यापेक्षा कडक, म्हणजे मासेही जास्त.

नियम: उजाडायच्या आत पाण्यात उतरावं. पाय उचलू नये, घासत चालावं, म्हणजे वाळूत दडलेला विषारी शेपटीचा मासा बाजूला होतो. तापीत तो मासा नाही. पण नियम म्हणजे नियम.

१८ मे.
पहाटे तापीकाठी कोणकोण कशासाठी येतं, हे अमेरिकन मासिकात नाही. पाय घासत चाललो हेच चुकलं. घरी येऊन तीनदा साबण लावला. शिसारी गेली नाही.

उद्यापासून नऊ वाजता.

१९ मे.
नऊ वाजता म्हशी. शेजारचे उखर्डू नाना आपली म्हैस धूत होते. म्हणाले, "आधारभाऊ, जरा बाजूले व्हा, मही म्हैस बुजी राह्यली." म्हटलं, मासे बुजतायत त्याचं काय. म्हणाले, "मासे तं हसी राह्यले."

कणकेचे गोळे पाण्यात विरघळतात. गांडूळ हातात धरवत नाही. वळवळतं आणि बोटांना चिकटतं. चिमट्याने लावायला गेलो, गळ अंगठ्यात घुसला. आज गळाला लागलेला पहिला आणि शेवटचा मीच.

२२ मे, रविवार.
पोटरीला जळू. मिठाने सुटली. रात्रीचं जेवण गेलं नाही, म्हणून जावयाच्या अनारशांचा डबा उघडला. धोंड्याला तेहतीस द्यायचे असतात. दोन-चार कमी झाले तर पंचांग काही मोजायला येत नाही.

२४ मे.
अखेर मोठं काहीतरी लागलं. काठी धनुष्यासारखी वाकली. मी टाच रोवून ओढत राहिलो. कटला असणार, पाच-सहा किलोचा. मनातल्या मनात रुपचंदरावांना पानावर बसवलंसुद्धा. वर आला केळीचा खांब. कुजलेला, बुळबुळीत, आत किडे. रावेरपासून इथपर्यंत लोक नदीत काय काय टाकतात, लिहवत नाही.

नाना काठावरून म्हणाले, "लेकीचं लगन तं मागच्या साली झालं. आता खांब कोनाच्या मांडवाले?"

या माणसाशी बोलणं बंद.

२६ मे.
धुळ्याच्या गाडीवरचा कंडक्टर रतिलाल घरी येऊन गेला. इंदूचा निरोप: आबा कधी येणार? पिशवी भरून ठेवलीय.

उत्तर पाठवलं: तयारी जोरात सुरू आहे.

लेकीने इतकी घाई करू नये. सासरी हसं होतं.

३० मे.
ही म्हणाली, तुम्हाला नदीतून सवड नसेल तर पुतण्याला पाठवा, शालिग्रामला. तो उद्या जाईल, परवा घेऊन येईल. मी साफ नाही म्हटलं. शालिग्राम मुऱ्हाळी गेला तर जावई विचारतील, मामा कुठे, मासा कुठे? तो काय सांगणार?

माझी लेक, माझा मासा.

हिने धोंडे तळायची कढई घासून पालथी घातली.

३ जून.
पाठ सोलली. मानेवरची कातडी कांद्याच्या सालीसारखी निघते. पाणी ओसरून चिखलच उरलाय, वरती हिरवा तवंग. खाली काय आहे ते पायाला कळतं. पायाने ते मला सांगू नये असं वाटतं.

अनारसे रोज दोन. ताकदीसाठी. डबा हलवला की वाजतो.

७ जून.
पुन्हा रतिलाल. आमच्याकडची गाडी धुळ्यात पोचायच्या वेळी इंदू स्टँडवर येऊन उभी राहते म्हणे. उतरणारी माणसं बघते आणि परत जाते. तिची सासू केसरबाई तिला म्हणाली, "तुना बापले वाट सापडत नही का?"

रतिलालने हे हिच्यासमोर सांगायला नको होतं.

केसरबाईला वाट दाखवतोच. हातात मासा घेऊन.

८ जून.
आज गेलो नाही. अंगात कणकण. खरं तर एकदा वाटलं, तसंच उठावं आणि गाडीत बसावं. पण मोकळ्या हाताने कोण जातं.

१२ जून, रविवार.
मिळाला.

पाय घासत चाललो होतो. उजव्या पायाखाली काहीतरी हललं. पाय दाबून धरला, हात घातला. मासा. मासिकाचा नियम खरा ठरला. गळाचा तसा संबंध आला नाही, पण काठी दुसऱ्या हातात होती.

वीतभर भरेल. जात कळली नाही. कल्ल्यापाशी लालसर आहे. रेडफिशच असावा.

नाना म्हणाले, "याले तं म्हशीनं अर्धा मारेल व्हता." बोलणं बंद आहे.

१३ जून.
मासा ऑफिसात दाखवून आलो. सगळ्यांनी लांबून पाहिला. साहेब म्हणाले, मुलगी आली का? म्हटलं, उद्या. मीठ चोळून ओल्या गोणपाटात गुंडाळला. पोट जरा फुगल्यासारखं वाटतं. तब्येत चांगली असणार.

१४ जून, धुळे. संध्याकाळ.
भुसावळ सोडल्यावर गाडीतल्या लोकांनी खिडक्या उघडल्या. जळगावात माझ्या शेजारची बाई उठून मागे उभी राहिली. पारोळ्याच्या अलीकडे रतिलालने हात जोडले. गोणपाट टपावर गेलं. तिथून पुढे कावळे सोबतीला होते.

इंदू स्टँडवर नव्हती.

घरी दार तिनेच उघडलं. म्हणाली, आबा, किती काळे झाले. पाणी आणलं. दाराशी भिंतीला टेकून पिशवी होती, गच्च भरलेली. वर धूळ बसलेली.

मी गोणपाट पुढे केलं. रुपचंदरावांनी श्वास धरून दोन्ही हातांनी घेतलं, सासऱ्याने दिलंय म्हणून. परसात ठेवलं. कुत्रं आलं, हुंगलं, गेलं.

म्हणाले, "मामा, ती तं थट्टा व्हती."

केसरबाई म्हणाल्या, आज अमावास्या, अधिक उतरला. आता धोंडा तीन वर्षांनी. उद्यापासून मासा चालला असता. पण माशाला तेवढी कळ निघाली नाही.

उद्या निघू, मी इंदूला म्हटलं. ती म्हणाली, आता कशाला आबा, शाळा उघडली, नणंदेची मुलं शिकायला इथं राहायला आली. माझ्यासमोर बसून तिने पिशवी रिकामी केली. दोन लुगडी आईसाठी. एक टोपी माझ्यासाठी. सगळ्यात खाली, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेला, गळ आणि दोरा.

म्हटलं, हा कशाला?

यांचा आहे, ती म्हणाली. म्हणत होते, तिकडे गेलो की मामांसोबत तापीत उतरू.

१५ जून, बुधवार. एदलाबाद.
पहिल्या गाडीने परत आलो. हिने माझ्यामागे पाहिलं, मग दार लावून घेतलं. लुगडी घेतली. अनारशांचा डबा उघडून पाहिला, झाकण लावलं.

दुपारी कामावर हजर. साहेबांनी विचारलं, आणलं का मुलीला?

म्हटलं, तापीला पाणी फार होतं.

मग नेहमीप्रमाणे जाऊन पातळी मोजली आणि फळ्यावर लिहिली. या उन्हाळ्यातली सर्वांत कमी.