पिठाचा दमा

आई, तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहितो.

मी बरा आहे, जेवण जातं. तुझा गुडघा काय म्हणतो?

माझा खोकला थंडीचा नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बेकरीतलं पीठ रोज श्वासातून आत जातं, त्याने श्वासनळ्या सुजून आवळतात. हा दमा आहे. काम सोडा." सुट्टीच्या दिवशी मला बरं का वाटायचं, ते तेव्हा कळलं.

मालकाला सांगितलं, तर हसला. "पिठाने कुणी आजारी पडतं का?" म्हणत नाकाला बांधायला रुमाल दिला. काल मात्र त्याने मला कामावरून काढलं, आणि बारा वर्षांत पहिल्यांदाच घरची चौकशी केली. "धाकटा भाऊ काय करतो?"

त्याचं बोलावणं आलं तर हरखून जाऊ नकोस. धाकट्याची छाती अजून धड आहे. त्याला पाठवू नकोस.

तुझा थोरला