मूळपुरुषाचा छडा

३ मार्च, सकाळी ७.१०
आजपासून घराण्याच्या इतिहासाचं संशोधन सुरू. रिटायर होऊन चार महिने झाले, मेंदूला गंज चढू द्यायचा नाही. एकोणतीस वर्षं भूगोल शिकवला आणि एकोणतीस वर्षं परीक्षेला सुपरव्हिजन केली. कॉपी करणारा मी नुसत्या मानेवरून ओळखतो. इथे तर सगळी मेलेली माणसं. हलणार नाहीत, बोलणार नाहीत. सोपं काम.
निमित्त: रविवारी चुलतभाऊ बापू जेवता जेवता सहज बोलून गेला की आपले पणजोबा नावाडी होते. बापू सहज काही बोलत नसतो. आमच्या ट्रंकेत पणजोबांचा फोटो आहे. पितळी बटणांच्या दोन रांगा असलेला कोट, हातात काठी, एक पाय स्टुलावर. नावाडी पाय असा ठेवतो का? हा हुकूम सोडणारा पाय आहे.
संकल्प: ऑगस्टमध्ये आत्याचा नव्वदावा वाढदिवस. सगळं गणगोत जमणार. त्या दिवशी अकरा पिढ्यांचा वंशवृक्ष भिंतीवर. बापूची खुर्ची बरोबर समोर.
बायकोला सांगितलं. म्हणाली, अहो, छान, पण आधी बाथरूमचं पाणी कुठून झिरपतंय त्याचं संशोधन करा.

५ मार्च, ११.२०
चार फायली, एक भिंग, तीन रंगांची लेबलं आणली. घरात शिरलो तर बायको फोनवर आत्याशी हळू आवाजात बोलत होती. मला बघताच आवाज मोठा झाला आणि विषय पडद्याच्या कापडावर आला. आमच्या घरात पडदे बदलून सहा वर्षं झाली.
वेळ नोंदवून ठेवली.

९ मार्च
रेकॉर्ड ऑफिस. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, ते रजिस्टर बाइंडिंगला गेलंय, पंधरा दिवसांनी या. प्रश्नपत्रिका हातात पडल्यावर ज्यांचं पोट दुखायचं त्यांचा चेहरा नेमका असाच व्हायचा.
पण खरा धक्का पुढेच. भेट देणाऱ्यांच्या वहीत सही करताना वरच्या ओळींवर नजर गेली. २ मार्च, बापूची सही. म्हणजे माझ्या आधी एक आठवडा. कुठलं रेकॉर्ड बघितलं विचारलं. बाई म्हणाल्या, दुसऱ्याचं सांगता येत नाही.
बाई बापूला सामील आहेत.

१४ मार्च
आत्याकडे गेलो. त्रेचाळीस प्रश्न टाइप करून नेले होते. घराण्यात तिच्याएवढं जुनं आता कुणी नाही.
प्रश्न पहिला: तुझ्या वडिलांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, जन्म कुठे झाला? उत्तर: तुझा गुडघा कसा आहे? प्रश्न दुसरा: आजोबांच्या वडिलांचं पूर्ण नाव? उत्तर: त्या खिडकीची कडी लाव आधी, वारा येतोय. प्रश्न तिसऱ्याला ती माझ्या वहीकडे बघत राहिली आणि म्हणाली, एकदा वही घरी ठेवून ये, मग सांगते सगळं.
वही घरी ठेवून. म्हणजे नोंद राहू नये. इतक्या वयात इतकी सावध बाई मी पाहिली नाही.

२६ मार्च
रजिस्टर आलं. आजोबांच्या जन्माची नोंद नाही. आदल्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही. निष्कर्ष उघड आहे. पान फाडलंय.
भिंग लावून पानांचे आकडे तपासले. सगळे सलग आहेत. पान इतक्या सफाईने फाडलंय की आकड्यांनासुद्धा पत्ता लागलेला नाही.
बाईंच्या कानावर घातलं. त्यांनी दुसऱ्या माणसाला पुढे या म्हणून सांगितलं.

२ एप्रिल
बापूवर पाळत. त्याच्या घरासमोरच्या छत्र्यांच्या दुकानात पावणेदोन तास उभा होतो. दुकानदार टक लावून बघायला लागला म्हणून दोन छत्र्या घ्याव्या लागल्या. तेवढ्यात बापूने गॅलरीतून हात केला आणि चहाला वर बोलावलं. गेलो, पण फक्त चहा प्यायलो. दोन कप.
त्याने आपण होऊनच सांगितलं की मुलीच्या जन्मदाखल्यात नावाचं स्पेलिंग चुकलंय, ते दुरुस्त करायला रेकॉर्ड ऑफिसात खेटे घालतोय. मला दाखलाही दाखवला. गोष्ट इतकी साधी होती की माझा संशय पक्का झाला.
दोन्ही छत्र्या त्याच्याकडेच विसरलो.

१९ एप्रिल
फोटो घेऊन जुन्या बाजारातल्या म्हाताऱ्या टेलरकडे गेलो. गणवेश कुठल्या खात्याचा, हुद्दा कोणता, एवढंच विचारायचं होतं. त्याने फोटो उजेडात धरला आणि म्हणाला, कोट या माणसाचा नाही. खांदे बघा, दंडावर उतरलेत. बाही अंगठ्यापर्यंत आलीय. पूर्वी फोटो स्टुडिओत असा एखादा कोट गिऱ्हाइकांसाठी टांगलेला असायचा, जो येईल तो घालायचा.
जबाबदारीच्या हुद्द्यावरची माणसं कामाच्या ताणाने वाळतात हे टेलरला काय माहीत. शिवाय चष्म्याची एक काच तडकलेली. साक्ष बाद.

११ मे
गंभीर बाब. बायको दर गुरुवारी दुपारी बाहेर जाते. मैत्रिणीकडे, म्हणते. आज तिच्या पिशवीतून निळी वही डोकावताना दिसली आणि डोळे लाल होते. कांदा चिरला का विचारलं. म्हणाली, मैत्रिणीकडे कोण कांदा चिरेल? मग वही कसली, विचारलं. म्हणाली, माझी आहे.
संध्याकाळी आत्याचा फोन. मला म्हणाली, रविवारी ये ना रे, निवांत बसू. मी विचारलं, कागदपत्रं आहेत का? नाही म्हणाली. मग रविवार कशाला वाया घालवायचा? रजिस्टरची अजून सहा वर्षं बाकी आहेत.
संकल्प: बायकोच्या वहीला हात लावणार नाही. संसार विश्वासावर चालतो.

१२ मे, दुपारी
कपाटाच्या त्या खणाला कुलूप आहे. या घरात विश्वास म्हणून काही उरलेला नाही.

८ जून
नवी दिशा, आडनाव. डिरेक्टऱ्या, इंटरनेट, मतदारयाद्या, सगळं उपसलं. आमचं आडनाव आमच्याशिवाय जगात कुणाचंही नाही. एकाचंही नाही. घराणं किती निवडक असेल बघा.

२३ जून
विजय. जुन्या वस्तू जमवणाऱ्या एका गृहस्थांनी कळवलं की त्यांच्याकडे एक कंदील आहे आणि त्याच्या बुडाशी आमचं आडनाव कोरलंय. नदीच्या धक्क्यावर त्या नावाचं दिव्यांचं दुकान होतं म्हणे पूर्वी. दुकान हा त्यांचा शब्द. पेढीच असणार. म्हणजे आम्ही कारखानदार. फोटोतली काठी, तो पाय, सगळं जुळतं.
बायकोला सांगितलं. म्हणाली, अहो, एकदा आत्यांशी नीट बोला. मी म्हटलं, बोलायची वेळ गेली, आता पुरावा आहे. ती उठून कपडे वाळत घालायला गेली. धुतलेले कपडे नव्हते, तरी गेली.

९ जुलै
बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरकडे वंशवृक्ष दिला. सहा फूट बाय चार. खालच्या चार पिढ्या पक्क्या. वरच्या सात तर्काने भरल्या. नावं त्या काळाला शोभतील अशी घेतली आणि प्रत्येकापुढे कंसात ‘संभाव्य’ लिहून दिलं.

२१ जुलै
आत्या हॉस्पिटलात. छातीत कफ. प्रश्न त्रेचाळीसवरून नऊवर आणले आणि भेटीच्या वेळेत गेलो. मला बघून तिने हात पुढे केला. म्हणाली, बरं झालं आलास, जवळ बस, सांगायचंय. मी वही उघडली. तिला खोकल्याची उबळ आली. नर्स म्हणाली, आजींना बोलायला लावू नका, आणि मला वहीसकट बाहेर काढलं.
काचेतून बघितलं. फार लहान दिसत होती. शाळेला सुट्टी लागली की मी तिच्याकडे राहायला जायचो, तेव्हा एवढी उंच बाई जगात दुसरी नाही असं वाटायचं.
विषयाशी संबंध नाही. खोडायचं राहून गेलं.

३ ऑगस्ट
आत्या घरी आली. वंशवृक्षही घरी आला. पेंटरने ‘संभाव्य’ लिहिलेलंच नाही. जागा पुरली नाही म्हणाला. पण दिसतोय भारदस्त. असू दे.

१० ऑगस्ट
सविस्तर लिहितो. नंतर स्मरणाची सरमिसळ नको.
आत्याकडे छत्तीस माणसं. बापू समोरच्या खुर्चीत. मी सतरा मिनिटांचं भाषण केलं आणि चादर ओढली. टाळ्या पडल्या. आत्याने चष्मा मागवला, उठून तक्त्याजवळ आली आणि खालून वाचायला लागली. नातवंडं, आम्ही भावंडं, ती स्वतः, तिचे वडील. त्यांच्या नावावर बोट ठेवून थांबली. मग वर बघून मला विचारलं, ही वरची मंडळी कोण रे?
मी म्हटलं, आपले पूर्वज. कारखानदार.
ती म्हणाली, मला खुर्ची द्या कुणीतरी.
मग तिने सांगितलं. एका वर्षी मोठा पूर आला, वरची गावं रिकामी झाली. त्या गर्दीत धक्क्यावर चार वर्षांचं एक पोर एकटंच रडत उभं होतं. ते माझे आजोबा. त्याला स्वतःचं घरातलं लाडाचं नाव तेवढं सांगता येत होतं. एका नावाड्याने त्याला आपल्या नावेत बसवलं, आणि पुढे दोन वर्षं पलीकडून येणाऱ्या प्रत्येक माणसासमोर त्याला उचलून धरून विचारलं, हे तुमचं का? कुणाचंच नव्हतं. शाळेत घालायची वेळ आली तेव्हा मास्तरांनी आडनाव विचारलं. नावाडी म्हणाला, माझं लावू नका, उद्या याची माणसं आली तर म्हणतील, पोर लाटलं. तात्पुरतं काहीतरी लिहा. मास्तरांनी खिडकीबाहेर बघितलं. समोर दिव्यांचं दुकान होतं. पाटीवरचं नाव लिहून टाकलं.
तात्पुरतं आडनाव. चार पिढ्या आम्ही ते वापरतोय.
आणि फोटो? तो नावाडीच. पोर सातवी पास झालं त्या दिवशी दोघं स्टुडिओत गेले. पोर लाजून पडद्यामागे लपलं, म्हणून फोटोत एकटा आला.
मी बापूकडे बघितलं. त्याने मान खाली घातली. कॉपी करणारा मान खाली घालतो तशी नाही. मला वाईट वाटू नये म्हणून.
मी आत्याला विचारलं, हे मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तीनदा बोलावलं रे. एकदा प्रश्न घेऊन आलास, एकदा आलाच नाहीस, एकदा तुला नर्सने काढलं. दम किती दिवस पुरेल कुणास ठाऊक, म्हणून हिला सांगत गेले, हिने लिहून घेतलं. ही म्हणजे माझी बायको. दर गुरुवारी. निळी वही. तुमच्या आनंदावर पाणी कसं ओतायचं, असं वाटायचं, बायको म्हणाली.
नंतर मी आणि बापूने तक्ता उतरवून कॉटखाली सरकवला. बापू म्हणाला, रंग छान आहे.

१४ ऑगस्ट
निळी वही वाचली. एकशे बारा पानं. लाल पेन घेऊन बसलो होतो. सहाव्या पानापर्यंत ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त केले, पुढे जमलं नाही.
वहीत नदीचा धक्का आहे, नावेचा रंग आहे, नावाडी पोराला पाठीवर घेऊन पोहायला कसा शिकवायचा तेही आहे. एक गोष्ट नाही. त्याचं नाव. आत्याला फोन केला. म्हणाली, आम्ही सगळे त्यांना नावाडीबाबाच म्हणायचो. नाव विचारायचं कुणाला सुचलंच नाही.
संकल्प: नाव मी शोधणार. हा माणूस रजिस्टरात कुठेतरी असणारच. आठवडाभराचं काम.

१९ ऑगस्ट
रेकॉर्ड ऑफिस. अर्ज भरला. कोणाचं रेकॉर्ड हवं: जागा कोरी. नातं: पणजोबा. धंदा: नावाडी. जन्मवर्ष: कोरं. मृत्युवर्ष: कोरं.
बाईंनी अर्ज दोनदा वाचला. आज पहिल्यांदाच मला बसायला सांगितलं. म्हणाल्या, काका, नावच नसेल तर मी कुठल्या पानावर बघू?
मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. काही लपवत नव्हत्या.
अर्ज परत घेतला. त्यात पूर्ण भरलेली गोष्ट एकच होती, खालची माझी सही. दिव्यांच्या दुकानाच्या आडनावासकट.