पाठलाग्या कॅमेऱ्याच्या दोरीचे टोक उघडून पाहण्याबाबत

बुधवार, दुपारी दीड वाजता

प्रति,
मा. विभागप्रमुख,
जप्त वस्तू विभाग, हवाई सुरक्षा कार्यालय,
तिसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताला.

अर्जदार: तंबू व गाड्यांची आच्छादने शिवणारी बाई, मालगोदामामागची गल्ली.

विषय: आपल्या कपाटात सीलबंद असलेल्या कॅमेऱ्याच्या दोरीचे टोक आजच्या आज उघडून पाहण्याबाबत व कॅमेऱ्यातले कार्ड लावून बघण्याबाबत.

संदर्भ: १) जप्त वस्तू नोंद क्र. ३१७. २) खिडकी क्रमांक चारवरून मला सोमवारी, मंगळवारी व आज मिळालेली तोंडी उत्तरे.

महोदय,

१. सविनय कळवते की माझा धाकटा मुलगा रविवारी सकाळी सात वाजता पाठीवर इंजिन बांधून नदीकाठच्या मैदानावरून उडाला, तो घरी आलेला नाही. या प्रकाराला पॅरामोटर म्हणतात. डोक्यावर कापडाचा लांब पंख, पाठीवर इंजिन आणि इंजिनामागे फिरणारे पाते. मुलाचे वय चौतीस, धंदा फ्रीज दुरुस्तीचा. तो खाली उतरलेला आहे हे मलाही समजते, वर कोणी चार दिवस राहत नाही. कुठे उतरला ते कोणाला माहीत नाही, आणि ज्या वस्तूला माहीत आहे ती आपल्या कपाटात आहे.

२. सदर वस्तू रविवारी दुपारी कौलांच्या कारखान्याच्या छपरावर पडलेली राखणदाराला दिसली. तो घाबरला, त्याला दोष देत नाही. तिथून ती चौकीत गेली आणि चौकीतून आपल्याकडे. आपल्या वहीत तिची नोंद 'संशयास्पद उडती वस्तू' अशी झाली आहे. संशय कशाचा, असे विचारता तिला शेपूट आहे असे सांगण्यात आले. शेपूट मी शिवले आहे. संशय घ्यायचा तर माझ्यावर घ्यावा, मी तीन दिवस आपल्या खिडकीसमोरच उभी आहे.

३. खिडकीवर चष्मा कपाळावर ठेवून शोधत बसणारे जे कारकून आहेत, त्यांनी सोमवारी मला सांगितले, "आजी, मालकाला घेऊन या, लगेच देतो." मी त्यांची आजी नाही, पण ते असो. मी म्हटले की मालकच हरवला आहे आणि त्याला शोधायलाच ही वस्तू पाहिजे. मंगळवारी ते म्हणाले की मालक येऊ शकत नसेल तर त्याच्या सहीचे अधिकारपत्र आणा. आज म्हणाले की मालक हयात नसेल तर वारसाला मिळेल, दाखला जोडा. म्हणजे तो जिवंत असेल तर त्याने यावे, नसेल तर दाखला यावा. मधल्या माणसासाठी आपल्याकडे खिडकी नाही. माझा मुलगा मधलाच आहे, साहेब. निदान मी हे लिहीपर्यंत तरी.

४. शोधपथकाचे म्हणाल तर ते तीन दिवस नदीकाठ पिंजत आहेत, कारण मुलाचा फोन शेवटचा तिथे बोलला. फोन तिथेच बोलणार. मुलाने तो उडण्याआधी मैदानाशी उभ्या असलेल्या दंतवैद्यांच्या गाडीत ठेवला होता. हे दंतवैद्य त्याच्याबरोबर उडतात, त्या दिवशी त्यांचे इंजिन चालू झाले नाही म्हणून खाली राहिले. त्यांनी पथकाला फोन हातात आणून दिला. पथकाने फोन सापडल्याची नोंद केली आणि पुन्हा नदीकाठी गेले. पथकप्रमुख म्हणतात, दुसरीकडे माणसे हलवायला लेखी आधार लागतो आणि तो आपल्या कार्यालयाकडून यावा. आपले कारकून म्हणतात, मालक यावा. सगळे जण नियमाने वागत आहेत, एकानेही चुकीचे काही केलेले नाही.

५. आपल्या छापील फॉर्मात 'वस्तूचे वर्णन व उपयोग' यासाठी दोन बोटे जागा आहे, त्यात मावत नाही म्हणून इथे लिहिते. उपयोग असा की उडणाऱ्या माणसाला आपण मागून कसे दिसतो ते कळत नाही, आणि धाकट्याला तेच बघायचे होते. मी म्हटले, मला विचार, जन्मापासून मी तुझी पाठच बघते आहे, घरात पाय ठरतो का तुझा. तो हसला आणि दुकानात जाऊन भंगार उपसू लागला. फ्रीजमधल्या नळीचा हातभर तुकडा घेतला. पुढच्या टोकाला काडेपेटीएवढा कॅमेरा, फोम कोरून त्यात बसवलेला. मागच्या टोकाला शेपूट पाहिजे, म्हणजे वाऱ्यात कॅमेऱ्याचे तोंड उडणाऱ्याकडेच राहते. पहिले शेपूट थर्माकोलचे, ते उडण्याआधीच मोडले. दुसरे बाटली कापून केलेले, ते भोवऱ्यासारखे फिरले आणि ते चित्रण बघून माझ्या सुनेला मळमळायला लागले. तेव्हा मी म्हटले, वारा धरायचा तर कापड लागते, प्लास्टिकचे काम नाही. छत्रीच्या कापडाच्या चार निमुळत्या कळ्या कापून, तोंडाला तारेचे कडे घालून मी नसराळे शिवून दिले. मग मात्र गाईमागे वासरू जावे तसे ते सरळ जाऊ लागले. मी त्याचे नाव पाठलाग्या ठेवले.

६. आता बांधायचे कसे, ते नीट वाचावे, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. दोरी इंजिनाच्या चौकटीला बांधली तर पात्यात जाते. म्हणून ती वर पंखाच्या मागच्या कडेला, बरोबर मधोमध शिवलेल्या कापडी फाशाला बांधायची. दोरी पुरेशी लांब पाहिजे, म्हणजे पाठलाग्या पात्याच्या खूप मागे तरंगतो. पण तो झाडात किंवा तारेत अडकला तर पंखासकट माणसाला खाली ओढील. यासाठी दोरी आणि फासा यांच्यामध्ये एका जागी कच्चा दोरा घालायचा. पक्की शिवण मारण्याआधी आम्ही कापड जागेवर धरायला घालतो तो, एका हिसक्याला तुटणारा. धाकटा मला म्हणाला होता, "आई, कॅमेरा अडकला तर तुझा टाका तुटला पाहिजे. तो तुटला की मी सुटलो."

७. यापुढचे मी घरी सांगितलेले नाही. आपल्याला सांगते, कारण आपल्याला कारण लागते.

पाठलाग्या दोनदा सुटून पडला होता. दुसऱ्यांदा पडला तो गल्लीतल्या वेल्डरच्या अंगणात. त्याने तो काठीला अडकवून मिरवत आणला आणि चार माणसांत मला विचारले की मावशी, ट्रकांची आच्छादने शिवता आणि तुम्हाला काडेपेटी धरवत नाही का. लोक हसले. धाकटाही हसला. साहेब, माझ्या हातची शिवण वादळात छपरे उडाली तेव्हा उसवलेली नाही. नवरा गेल्यापासून घर या टाक्यांवर उभे केले. मला ते सहन झाले नाही. शनिवारी दुपारी दुकानात कोणी नसताना मी कच्चा दोरा काढला आणि ताडपत्रीचा तिपेडी नायलॉन दोरा घातला. धाकट्याला दिसू नये म्हणून वरून पांढऱ्या कच्च्या दोऱ्याचे दोन वेढे दिले. रविवारी सकाळी त्याने बोट लावून पाहिले आणि म्हणाला की आज टाका झकास बसला आहे. मी चहाची किटली उचलून आत गेले.

कॅमेरा एकटाच सापडल्याचे कळले तेव्हा सुनेने विचारले, "आई, तुम्ही दोऱ्याला काही केलं होतं का?" मी नाही म्हटले. तिने पुन्हा विचारले नाही. एरवी ती दोनदा विचारणारी बाई आहे.

८. आता दोरीचे टोक का पाहायचे ते सांगते. माझा दोरा तुटणारा नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा खालच्या मानेने लिहिते आहे. तरी पाठलाग्या सुटला, म्हणजे दोनच गोष्टी संभवतात. दोरी मध्येच कापलेली असेल तर ती हिसका बसून खाली आली आणि पात्यात गेली. मग इंजिन बंद पडले, पण पंख शाबूत आहे, आणि रविवारच्या वाऱ्याने तो तरंगत खाणीपलीकडच्या टेकडीकडे गेला. दोरी पूर्ण असेल, माझा टाका शाबूत असेल आणि त्यात पंखाच्या नारिंगी कापडाचा फाटका फासा असेल तर पंख फाटला. मग तो लांब गेलेला नाही, कारखान्याच्या मागच्या रानातच आहे. मी मंगळवारी काचेतून पाहिले, टोक गुंडाळून वर चिकटपट्टी लावली आहे. ती पट्टी काढायला नखाचे काम आहे. मला टोक हातात द्यायलाही नको. लांबून धरले तरी कापलेले आणि फाटलेले मला ओळखू येते, सहावे वर्ष लागल्यापासून मी दुसरे काही पाहिलेले नाही.

कार्डात तो कोणत्या दिशेला जात होता तेही दिसेल. मला ते बघायला लावू नये. आपल्यापैकी कोणी बघावे आणि फक्त दिशा सांगावी.

९. सबब माझे मागणे कमी करत आणले आहे. वस्तू परत नको, आपल्याकडेच ठेवा. मालक कोण हा रकाना अडत असेल तर माझे नाव लिहा, शेपूट माझे, टाका माझा आणि चूकही माझी. विनापरवाना उडवल्याचा गुन्हा असेल तो माझ्यावर लावा. नंतर जी चौकशी करायची ती करा, मी कुठे पळून जात नाही, या वयात जिनाच बसत बसत चढते. खिडकीवर मी आवाज चढवला त्याबद्दल कारकुनांची माफी मागते. मी माफी मागितल्याचे माझ्या गल्लीत कोणाला सांगून पाहा, त्यांना खरे वाटणार नाही.

त्याच्याजवळ पाण्याची एक बाटली होती. आज चौथा दिवस आहे.

आपल्या हाती सर्व सोपवून थांबलेली,
आपली नम्र,
(सही)
अर्जदार, मुलाची आई

सोबत:
१) ओळखपत्राची प्रत.
२) कच्चा दोरा व ताडपत्रीचा दोरा, हातभर नमुने, कागदाला टाचून.
३) रविवारच्या वाऱ्याची दिशा व टाकीतले पेट्रोल यांबद्दल दंतवैद्यांची चिठ्ठी.

ता. क. या अर्जाची एक प्रत मी सुनेच्या हाती दिली आहे. तिने सातवा परिच्छेद वाचला. ती दंतवैद्यांच्या गाडीत जाऊन बसली आहे आणि गाडी आपल्या फाटकाशी तोंड बाहेर करून उभी आहे. खाण आणि कारखाना यांचे रस्ते फाटकापासूनच वेगळे होतात. उजेड साडेसहापर्यंत आहे. उत्तर टपालाने पाठवू नये, मी आपल्या दाराबाहेरच्या बाकावर आहे. नुसते 'कापलेली' किंवा 'फाटलेला' एवढे दारातून म्हटले तरी आम्ही निघू.