फिट निघाली असती तर

४ सप्टेंबर
सुलभा आज पुन्हा थांबली. विळीवर नारळ खवता खवता हात जागीच, नजर खिडकीबाहेर. हाक मारली, खांदा हलवला. काही नाही. जरा वेळाने पुन्हा खवायला लागली. "काय झाला गो?" तर म्हणे, "खंय काय?"
विळी माळ्यावर टाकली.

७ सप्टें.
कुडाळला डॉक्टरकडे. विसरण्याचं कारण तेच, गेल्या वर्षीचे पक्षाघाताचे दोन झटके. मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडताहेत. पण हे मधेच थांबणं फिटचा प्रकार असू शकेल, म्हणाले. ईईजी करा, मेंदूचा आलेख. फिट असेल तर गोळ्यांनी बरंच आटोक्यात येईल.
येताना देवळात गेलो. बायकोला फिट निघू दे, असं मागितलं. कुणाला सांगणार हे.

८ सप्टें.
तपासणीसाठी केस धुवायचे, तेल लावायचं नाही. मीच धुतले. "माजे केस असे सुके कित्याक?" दिवसभर तेच. तेलाची बाटली लपवली.

९ सप्टें.
गोव्याला. बांद्याला तिची धाकटी बहीण शालिनी गाडीत बसली.
डोक्यावर चिकट पेस्ट, वायरीच वायरी. तंत्रज्ञ मुलगी सांगे, डोळे मिटा. मिटले की उघडायची नाही. उघडले की मिटायची नाही. मधेच तिलाच म्हणाली, "तुजा नाव काय गो? खाऊ खाल्लंस?" अंगणवाडीतली बाई ती, अजून.
आणि मग थांबली. वायरी लावलेल्या असतानाच. मुलीने लगेच संगणकावर खूण केली.
मला आनंद झाला. आता सापडेल, असं वाटलं. पडद्यावरच्या रेघा वाचता येत नव्हत्या, तरी बघत राहिलो.

१२ सप्टें.
रिपोर्ट. फिटच्या खुणा नाहीत. थांबली तेव्हाही नाहीत. मेंदूची लय सगळीकडेच मंदावलीय, डावीकडे जास्त. डोळे मिटल्यावर जी लय उमटायला हवी, तीही फार संथ.
"मग गोळी?"
"रक्तदाबाची आहे ती चुकवू नका. पुढचा झटका टाळायचा, एवढंच आपल्या हातात."
शालिनी व्हरांड्यात रडली. मला काही झालं नाही. कॅन्टीनमध्ये सुलभाने माझ्या बशीतलीही भजी संपवली. बरं झालं, सकाळपासून उपाशी होती.

१५ सप्टें.
शालिनीचा फोन. "भावोजी, ताईक माज्याकडे धाडा. तुमका एकट्याक जमाचा नाय."
बघतो म्हणालो.
ओरोसच्या सरकारी ऑफिसात जन्म गेला. लोकांना तिथेही हेच सांगायचो.

१६ सप्टें.
काही नाही. भात, कुळथाची पिठी. दोनदा थांबली.

१९ सप्टें.
संध्याकाळी पुन्हा शालिनी. स्पीकर लावून फोन सुलभाच्या हातात दिला.
"कशी आसस गो ताई?"
"बरी आसंय." मग माझ्याकडे बघत, आवाज खाली आणून, "हयसर एक माणूस आसा. बरो आसा. पण कोणाचो गो तो?"
फोन मी घेतला.
"भावोजी, कधी येव तिका न्हेवक?"
पाऊस उघडू दे, म्हणालो.
चार दिवस कडक ऊन आहे. बांद्यालाही असेलच.