वहिनींच्या खिडकीतला लाल दिवा

मुर्री, मंगळवार

वाचकहो, आज लिहायला फार उशीर झाला, माफी असावी. दुपारी वीज कडाडली आणि सवयीने मी वायफायची वायर काढली. परत लावली, पण समोरच्या इमारतीत वहिनींच्या खिडकीतल्या जुन्या राउटरचा दिवा लालच. त्या एकट्या राहतात; घरातला त्यांचा कॅमेरा त्या राउटरमार्फत माझ्याच नेटवर चालतो, म्हणजे दिवा लाल तर कॅमेरा बंद. मागे त्या पडल्या, ते नागपूरहून त्यांच्या मुलीने कॅमेऱ्यात पाहिले आणि मला फोन केला, म्हणून मी धावलो.

आज जाऊन सांगितले तर वहिनी म्हणतात, “भाऊजी, कायले घाबरून राहिले जी? मी का कॅमेऱ्यावर जगून राहिली?”

हसलो. पण पुन्हा पडल्या तर? दिवा अजून लालच.

सुधीर बेटा, हे वाचत असशील तर ऐक: माझ्या वायफायचा आणि वहिनींच्या राउटरचा, हे दोन्ही डबे तूच जोडलेस आणि आज फोन उचलत नाहीस. मी खिडकीतून हलत नाही. आधी कोणता डबा चालू करायचा, लवकर कळव रे.