दोन हजार एकशे चौदा यार्ड

९ नोव्हेंबर, शनिवार
फुटबॉलच्या साखळीचे दहा सामने संपले. आपली शाळा प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत. टीममधला पोरगा एलिसेओ चेंडू घेऊन आत्तापर्यंत १,७१० यार्ड पळाला. याच शाळेकडून माझा एका मोसमातला रेकॉर्ड २,११४. सन १९९०. टेक्सासच्या या कोपऱ्यात तो कुणाला सांगावा लागत नाही. तरी मी सांगतो.
संकल्प: रेकॉर्ड मोडला तर पोराला स्वतः मिठी मारायची. मोडणार नाही, ती गोष्ट वेगळी.
मेहुणा लॉनी जेवायला होता. २००४ साली तोही याच शाळेकडून पळायचा. त्याच्या टीमनं दहातले दोन सामने जिंकले, प्लेऑफ पाहिलंच नाही. आठवण करून दिली. तो मांस चावत बसला.

१६ नोव्हेंबर
१८८ यार्ड. पोराचा गुडघा मला बरा दिसत नाही. कोचला म्हटलं, विश्रांती द्या. कोच म्हणाला, गुडघा ठणठणीत आहे. हल्लीच्या कोचना नजरच नाही.

२३ नोव्हेंबर
१४३. एकूण २,०४१. बायको डार्ला म्हणते, एलिसेओ पडला की मी टाळ्या वाजवतो. समोरच्यांच्या बचावाला दाद देत होतो. खेळातलं तिला काय कळतं.

३० नोव्हेंबर
मोडला म्हणे. त्या वेळी मी नाचोच्या रांगेत होतो. माइकवरून माझं नाव दोनदा पुकारलं. रांग सोडता येत नव्हती. मिठी राहिली.

२ डिसेंबर, सकाळी ७
सापडलं! प्लेऑफ म्हणजे जादा सामने. खरा रेकॉर्ड दहा सामन्यांचाच. त्यात माझे दोन हजार तरी असणारच. शाळेला अर्ज दिला. आकड्यांची वही चाळीस वर्षं मिसेस कुबेनांकडे आहे. मला गणित शिकवायच्या. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “क्लिफ, नियम सगळ्यांना सारखा लावू ना?”
“नियम म्हणजे नियम, बाई.”

७ डिसेंबर
हरलो, ३५–७. एलिसेओ मैदानावर गुडघ्यात डोकं घालून बसला. मला वाईट वाटलं. घरी येताना एन्चिलाडाच्या दोन प्लेटा खाल्ल्या. भूक होती, बाकी काही नाही.

१० डिसेंबर
शाळेचं पत्र. अर्ज मान्य. यापुढे रेकॉर्ड दोन. प्लेऑफ धरून: एलिसेओ. फक्त दहा सामन्यांचा: लॉनी शिमेक, १,९८६.
माझे दहा सामन्यांतले १,५०२. बाकीचे प्लेऑफमधले.
बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, तीनदा बेरीज केली.

१४ डिसेंबर
शाळेत सत्काराचं जेवण. सत्कारमूर्ती डार्लाचा भाऊ, म्हणून मला जावंच लागलं. लॉनी नवा कोट घालून आला होता. भाषण करता येईना, डोळे पुसत राहिला. मग माझ्याकडे आला.
“दाजी, वीस वर्षं मला पत्ताच नव्हता. कुणीतरी अर्ज केला म्हणे. ज्यानं केला त्याचं भलं होवो.”
मी म्हटलं, होवो.
त्यानं एलिसेओच्या खांद्यावर हात टाकला, फोन माझ्या हातात दिला. दोघांचा एक फोटो काढा म्हणाला.
पहिला हलला. दुसरा चांगला आला.